नोकरीचा शेवटचा दिवस

तुरुंगाच्या आवारातून गोळीबाराचा आवाज येतो तेव्हा हिल्डी जॉन्सन निघायच्या तयारीत असते. थोड्या वेळापूर्वीच तिनं स्वतः टाइप केलेली मुलाखत यंत्रातून ओढून काढलेली आहे, टेलिफोनवर संपादकाला ऐकू जाईल अशी टराटरा फाडलेली आहे. आता लग्न, आल्बनीची गाडी, घर, मुलं. वर्तमानपत्राचं तोंड पुन्हा बघायचं नाही. आणि तेवढ्यात फाशीचा कैदी पळतो. खोलीतले बाकीचे बातमीदार खिडक्यांकडे, फोनकडे, दाराकडे धावतात. ती मागे राहते. मग फोन उचलते आणि ज्या माणसाला नुकत्याच शिव्या घातल्या त्यालाच सांगते, की कैदी पळालाय, काळजी करू नकोस, मी बघते.

हा प्रसंग मी पहिल्यांदा पाहिला १९९१ साली, पुण्यात, एका फिल्म क्लबच्या खेळाला. लोखंडी खुर्च्या, मधेच थांबणारा प्रोजेक्टर, खाली उपशीर्षकं नाहीत. मराठी माध्यमातून आलेली मी, आणि पडद्यावर केरी ग्रँट आणि रोझलिंड रसेल एकमेकांची वाक्यं तोडत इतक्या वेगानं बोलत होते की निम्मं डोक्यावरून गेलं. पण फोन उचलणारा तो हात कळला. मी त्या वेळी एका दैनिकात उपसंपादक होते. तो हात मी रोज आजूबाजूला बघत होते आणि माझाही तसाच झाला आहे का, हे मला अजून माहीत नव्हतं.

‘हिज गर्ल फ्रायडे’ १९४०चा, हॉवर्ड हॉक्सचा. तो एका आधीच्या चित्रपटाची नवी आवृत्ती आहे हे त्या संध्याकाळी कुणीतरी सांगितलं होतं, पण तो आधीचा, १९३१चा, लुईस माइलस्टोनचा ‘द फ्रंट पेज’ बघायला मला पुढं जवळजवळ तीस वर्षं लागली. त्याच्या ज्या प्रती फिरत होत्या त्या वाईट होत्या, आणि मुख्य म्हणजे त्या मूळ अमेरिकी आवृत्तीच्या नव्हत्याच. त्या काळी परदेशांसाठी वेगळे टेक वापरून वेगळी निगेटिव्ह काढायचे. अस्सल अमेरिकी आवृत्ती जीर्णोद्धार होऊन लोकांसमोर आली ती गेल्या दहाएक वर्षांत. ती घरी, शांतपणे, उपशीर्षकं वाचत पाहिली. दुसऱ्याच दिवशी ‘हिज गर्ल फ्रायडे’ पुन्हा लावला. तेव्हापासून हे दोन चित्रपट डोक्यात एकमेकांशी बोलतायत.

दोन्हींचं मूळ एकच नाटक. बेन हेक्ट आणि चार्ल्स मॅकार्थर हे दोघे शिकागोत बातमीदारी करून आलेले लेखक. नाटक ब्रॉडवेवर आलं १९२८ साली. त्यातलं बरंचसं त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. संपादक वॉल्टर बर्न्स हा वॉल्टर हॉवी नावाच्या, हर्स्टच्या वृत्तपत्रात काम केलेल्या शिकागोच्या खऱ्या संपादकावर बेतलेला. हिल्डी जॉन्सन नावाचा बातमीदारसुद्धा होता, स्वीडिश वंशाचा, आणि अर्थातच पुरुष. पळालेल्या कैद्यामागेही एक खरा कैदी आहे. टॉमी ओकॉनर. डिसेंबर १९२१मध्ये, फाशीला चार दिवस उरले असताना तो शिकागोच्या तुरुंगातून निसटला आणि पुन्हा कधीच सापडला नाही. तो सापडला तर लागेल म्हणून तिथल्या प्रशासनानं फाशीचा सांगाडा १९७७पर्यंत जपून ठेवला होता. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले. एका माणसासाठी पन्नासहून अधिक वर्षं तळघरात वाट बघत पडलेली ती लाकडं.

माइलस्टोनचा चित्रपट त्या लाकडांपासूनच सुरू होतो. फाशीचा फळा नीट पडतो का हे पोतं टांगून बघतायत. मग आपण शेजारच्या इमारतीतल्या पत्रकार कक्षात येतो आणि जवळपास शेवटपर्यंत तिथंच राहतो. एक लांब टेबल, पत्ते, सिगारेटी, प्रत्येकाचा वेगळा फोन, अंगात बनियनवजा कपडे, घाम. बोलपटाची ती सुरुवातीची वर्षं होती आणि बऱ्याच चित्रपटांत कॅमेरा खिळून बसलेला असे. माइलस्टोन मात्र त्याला टेबलाभोवती गरागरा फिरवतो. फोनवरून प्रत्येक जण आपापल्या पेपरला एकाच घटनेची वेगवेगळी थाप सांगतोय आणि कॅमेरा एका तोंडावरून दुसऱ्या तोंडावर. ज्यानं कधी पत्रकार परिषदेनंतरची फोनसाठीची धावपळ पाहिली आहे त्याला ही खोली परकी वाटणार नाही.

या चित्रपटातला हिल्डी म्हणजे पॅट ओब्रायन. त्याला नोकरी सोडून न्यूयॉर्कला जायचंय, पेगी नावाच्या मुलीशी लग्न करायचंय, जाहिरातीच्या धंद्यात शिरायचंय. अडॉल्फ मेंजूचा वॉल्टर बर्न्स त्याला सोडत नाही. शेवटी सोडल्यासारखं करतो, आणि लग्नाची भेट म्हणून स्वतःचं घड्याळ देतो. तो निघून गेल्यावर फोन करून पुढच्या स्टेशनवरच्या पोलिसांना कळवायला सांगतो की त्या अमक्यातमक्यानं माझं घड्याळ चोरलंय. नाटकातली ती शिवी सेन्सॉरला चालली नसती, म्हणून चित्रपटात वॉल्टरचा हात टाइपरायटरवर पडतो आणि शिवी खडखडाटात बुडते. शेवट अप्रतिम आहे. दोन पुरुषांची मैत्री इतकी घट्ट की एक दुसऱ्याला तुरुंगात घालेल, पण बायकोकडे जाऊ देणार नाही. पेगी मात्र चित्रपटभर बाहेर थांबलेली असते. टॅक्सी थांबलीय, आई थांबलीय, गाडीची वेळ होतेय. तिचं काम फक्त थांबायचं.

हॉक्सनं काय केलं ते सगळ्या चित्रपटवेड्यांना ठाऊक आहे. पुढं मुलाखतींतून त्यानं सांगितलेली हकीकत अशी, की त्या नाटकाचे संवाद किती उत्तम आहेत हे दाखवण्यासाठी तो ते मोठ्यानं वाचत होता, हिल्डीची वाक्यं एका मुलीला वाचायला दिली होती, आणि ऐकता ऐकता त्याच्या लक्षात आलं की ही वाक्यं बाईच्या तोंडी जास्त शोभतायत. मग हिल्डी बाई झाली, आणि वॉल्टरची घटस्फोटित बायको झाली. पटकथा चार्ल्स लेडररची. १९३१च्या चित्रपटाच्या संवादांनाही त्याचा हात लागलेला होता. भूमिका आधी बऱ्याच मोठ्या नायिकांनी नाकारली आणि मग रोझलिंड रसेलकडे आली. तिनं पुढं आत्मचरित्रात लिहिलं, की वॉल्टरच्या वाक्यांपुढं आपली वाक्यं फिकी पडतायत असं वाटून तिनं स्वतःच्या पैशानं एक लेखक गुपचूप कामाला लावला होता. मला यात हिल्डीच दिसते. आपली बातमी दुसऱ्यापेक्षा उणी पडू द्यायची नाही, मग त्यासाठी पदरचं मोडावं लागलं तरी चालेल.

बाई करण्याची ही युक्ती गमतीची म्हणून सांगतात. माझं म्हणणं वेगळं आहे. या एका बदलानं मूळ गोष्टीत दडलेला प्रश्न उघडा पडला. पुरुष हिल्डी नोकरी सोडत असतो तेव्हा आपण म्हणतो, जाऊ दे रे त्याला, संसार करू दे. त्याच्यासाठी काम आणि संसार यांत खरी निवड नाहीच, तो न्यूयॉर्कला जाऊनही कामच करणार आहे. बाई हिल्डी नोकरी सोडते तेव्हा ती सगळंच सोडते. रॅल्फ बेलामीचा ब्रूस भला आहे, विमा विकतो, दार उघडून धरतो, छत्री बाळगतो, आईवर प्रेम करतो. त्याच्यात वाईट काहीच नाही. पण ती लिहिते कसं, हे त्याला माहीत नाही. वॉल्टरला माहीत आहे. तो लबाड आहे, ब्रूसला खोट्या नोटांच्या भानगडीत अडकवतो, त्याच्या आईला पळवून नेतो, पण ती लिहिते कसं हे त्याला माहीत आहे. प्रेक्षक म्हणून आपल्याला त्या लबाडाच्या बाजूनं उभं राहावं लागतं, आणि ते उभं राहणं अवघड जातं. चित्रपट मला इतका आवडतो तो या अवघडपणासकट.

हॉक्सच्या चित्रपटात मूळ नाटकात नसलेला एक प्रसंग आहे. हिल्डी तुरुंगात जाऊन फाशीच्या कैद्याची, अर्ल विल्यम्सची मुलाखत घेते. एरवी धावणारा चित्रपट इथं श्वास घ्यायला थांबतो. ती त्याच्या पिंजऱ्याजवळ बसते, आवाज खाली आणते, घाई करत नाही. नोकरी गेलेला हा माणूस बागेत लोकांची भाषणं ऐकत बसायचा. त्यातला ‘उत्पादन हे वापरासाठी’ हा मुद्दा त्याच्या डोक्यात राहिलाय. ती हळूच त्याला विचारते, बंदूक कशासाठी असते? वापरासाठी. म्हणजे म्हणूनच त्यानं वापरली. तोही म्हणतो, हो, तसंच असेल. बातमी तयार झाली. आता हे दोनदा बघा. पहिल्या वेळी दिसते तिची माया. खोलीतल्या सगळ्यांत त्याच्याशी माणसासारखं बोलणारी ती एकटीच. दुसऱ्या वेळी दिसतं, की ते वाक्य त्याचं नाहीच, तिनं त्याच्या तोंडात ठेवलंय. दोन्ही खरं आहे. चांगला बातमीदार समोरच्याला बोलतं करतो, आणि बोलतं करताना थोडं आपलंही त्यात मिसळतो. मी हे काम केलं आहे. मला ती सीमारेषा कधी नीट आखता आली नाही.

मग बाकीचे बातमीदार तिच्या गैरहजेरीत टाइपरायटरवरचा तो मजकूर वाचतात. दिवसभर टवाळी करणारे ते लोक गप्प होतात. एवढं लिहिणारी बाई घरी बसेल होय, असं म्हणून लग्न किती टिकणार यावर पैजा लावतात. १९९१मध्ये या ठिकाणी माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

त्याला कारण होतं. आमच्या दैनिकात मी आणि आणखी एक अशा दोघीच. आम्हाला महिला पुरवणी, पाककृती, बालकुमारांचं पान. गुन्हे, महापालिका, मंत्रालय हे विषय मुलग्यांना. रात्रपाळी मागितली तर सांगायचे, रात्री घरी कोण सोडणार? ‘हिज गर्ल फ्रायडे’च्या सुरुवातीला हिल्डी पेपरच्या कचेरीत शिरते तेव्हा कॅमेरा तिच्याबरोबर टेबलांमधून चालत जातो आणि प्रत्येक जण तिला नावानं हाक मारतो. त्या चालण्यात एक बाई भेटते, प्रेमवीरांना सल्ला देणारं सदर लिहिणारी. फोन जोडणाऱ्या मुली भेटतात. कचेरीत बाया असतात त्या अशा. त्या सगळ्यांना ओलांडून हिल्डी थेट संपादकाच्या खोलीत जाते. अंगावर उभ्या पट्ट्यांचा सूट, टोपी तिरकी. तेवढं चालणं मला हवं होतं.

आणि तरीही नावात ‘हिज’ आहे. त्याची. रॉबिन्सन क्रूसोच्या फ्रायडेवरून आलेला शब्द, हाताखालची हरकामी मुलगी. जी बाई अख्ख्या पत्रकार कक्षाला पुरून उरते, तुरुंगाधिकाऱ्याला रस्त्यात धावत गाठून खाली पाडते आणि ब्रूसचे साडेचारशे डॉलर देऊन त्याच्याकडून आतली बातमी काढते, ती पोस्टरवर कुणाची तरी फ्रायडे. हे मला तेव्हाही खटकलं होतं, आजही खटकतं.

खटकणाऱ्या आणखी दोन गोष्टी दोन्ही चित्रपटांत सारख्याच आहेत. अर्ल विल्यम्सनं ज्याला मारलं तो पोलीस काळा होता. महापौर आणि शेरीफ यांना फाशीची घाई आहे ती काळ्यांची मतं हवीत म्हणून. राज्यपालाची माफी घेऊन आलेल्या माणसाला ते नोकरीची लालूच दाखवून परत पाठवतात. या राजकारणाची दोन्ही चित्रपट सडकून खिल्ली उडवतात. पण तो मेलेला पोलीस कोण होता, त्याच्या घरी कोण होतं, हे विचारायला एकही बातमीदार जात नाही. हिल्डीसुद्धा नाही. आणि दुसरी गोष्ट मॉली मलॉयची. कैद्याला दया दाखवली म्हणून बातमीदारांनी जिची अब्रू छापून काढली ती ही बाई. तो कुठं लपलाय हे सांगावं लागू नये म्हणून ती खिडकीतून उडी मारते. सगळे खिडकीशी धावतात, आणि दोन मिनिटांत विनोद पुन्हा सुरू. पुढं मॉलीचं काय झालं, कुणी विचारत नाही. त्याआधी एकदा हॉक्सची हिल्डी मॉलीला हाताला धरून बाहेर नेते, परत येऊन दारात उभी राहते आणि त्या पुरुषांकडे बघत एवढंच म्हणते, पत्रकार मंडळी! खोलीत शांतता. बाई हिल्डीमुळे ती शांतता जास्त जड झाली. पण तिचाही हात पुढं फोनकडेच गेला.

कोणता चित्रपट चांगला, असं मला कुणी विचारलं तर मी ‘हिज गर्ल फ्रायडे’ म्हणेन, आणि लगेच सांगेन की वर्तमानपत्राची खोली बघायची असेल तर ‘द फ्रंट पेज’ बघा. त्यातला घाम खरा आहे. हॉक्सच्या चित्रपटात प्रेमकथेचं तेज सगळ्यावर पसरतं आणि खोली थोडी सजल्यासारखी होते. एकावर एक चढणारे संवाद मात्र हॉक्सचे सरस. वाक्याच्या सुरुवातीला आणि शेवटी बिनकामाचे शब्द घालून घ्यायचे, म्हणजे दुसऱ्यानं त्यावर पाय दिला तरी मधलं ऐकू येतं. मी मुद्दाम उपशीर्षकं बंद करून ऐकलं. खरंच येतं.

याच नाटकावर पुढंही चित्रपट आले. बिली वाइल्डरनं १९७४ साली जॅक लेमन आणि वॉल्टर मॅथाऊ यांना घेऊन गोष्ट परत १९२९मध्ये आणि परत पुरुषांमध्ये नेली. १९८८मध्ये ती टीव्हीच्या कचेरीत गेली आणि कैदी टेबलाऐवजी झेरॉक्सच्या यंत्रात लपला. दोन्ही मी एकेकदा पाहिले. पुन्हा बघावेसे वाटले नाहीत.

माझा शेवटचा दिवस सांगायचा राहिला.

लग्न ठरलं, नवऱ्याची नोकरी नागपूरला. मी राजीनामा दिला. नोटिशीचा महिना संपत होता ३० सप्टेंबर १९९३ला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, मिरवणुकीच्या बातम्यांनी सगळे थकलेले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला. मी दुपारी निरोपाच्या चहासाठी म्हणून पोचले तर चहा वगैरे कुणाच्याच डोक्यात नव्हता. टेबलावर कागदात गुंडाळलेलं भिंतीवरचं घड्याळ मात्र तयार होतं, सगळ्यांनी वर्गणी काढून आणलेलं. मुख्य उपसंपादकांनी माझ्याकडे पाहिलं आणि न्यूजप्रिंटच्या कापलेल्या कागदांचा गठ्ठा पुढं सरकवला. म्हणाले, सोलापूरचा फोन घे.

फोनवर आमचे उमरग्याकडचे वार्ताहर होते. ट्रक पकडून सोलापूरला आले होते. आवाज बसला होता. म्हणाले, “ताई, लिहून घ्या.” आणि गावांची नावं सांगू लागले. किल्लारी. सास्तूर. राजेगाव. एकोंडी. पेठसांगवी. होळी. मी विचारलं, होळी काय? ते थांबले. म्हणाले, “ताई, होळी हे गावाचं नाव आहे. गाव आहे ते. होतं.” मी लिहून घेतलं. एका नावापुढं दुसरं, कागद संपला की दुसरा कागद. घरी सोडायला कोण आहे, हे त्या रात्री कुणी विचारलं नाही.

रात्री एकच्या पुढं बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीचं पहिलं पान हातात आलं. शाई बोटांना लागत होती. खाली माझा होणारा नवरा स्कूटर घेऊन थांबला होता, नऊपासून. चिडला नव्हता. त्यानं माझ्या हातातलं घड्याळ काढून घेतलं आणि दोन पायांमध्ये नीट उभं केलं. ‘हिज गर्ल फ्रायडे’च्या शेवटी वॉल्टर दारातून पुढं निघून जातो आणि हिल्डी जड बॅग उचलून मागून चालते. तो बॅग घेत नाहीच, वर ती कशी धरायची हेही सांगतो. त्या वेळी मला तो शेवट आठवला वगैरे काही नाही. मी रस्त्यावरच्या दिव्याखाली पान वाचत होते. सास्तूर होतं, राजेगाव होतं, एकोंडी, पेठसांगवी होतं. होळी नव्हतं. मुद्रितशोधनात कुणाला तरी ती चूक वाटली असणार, त्यानं शब्द काढून टाकला होता.

शहर आवृत्ती सुटायला अजून अर्धा तास होता. मी त्याला म्हटलं, दहा मिनिटं थांब, आणि परत जिने चढले.